लॉ सीईटीतला ‘तर्क’ विभाग : भंडाऱ्यात बसून सराव कसा करायचा

बारावीनंतर पाच वर्षांचं किंवा पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी करायचं असेल, तर महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्षाची लॉ सीईटी द्यावी लागते. पेपर कॉम्प्युटरवर असतो, दोन तासांचा, पर्याय निवडायचे, भाषा मराठी आणि इंग्रजी. पूर्वी १५० प्रश्न असायचे, आता १२० आहेत. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या पेपरात कायदेविषयक कल ३२, तार्किक व विश्लेषणात्मक क्षमता ३२, सामान्य ज्ञान २४, इंग्रजी २४ आणि गणित ८ अशी वाटणी आहे. तीन वर्षांच्या पेपरात गणित नाही. तिथे तर्क २४, कायदा २४, सामान्य ज्ञान ३२ आणि इंग्रजी ४०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. फॉर्म भरताना त्या वर्षीची माहिती पुस्तिका मात्र स्वतः वाचायची, शेजारच्याने सांगितलं म्हणून चालवून घ्यायचं नाही.

हे आकडे एकदा नीट पाहा. पाच वर्षांच्या पेपरात तर्काचे ३२ आणि कायद्याचे ३२ मिळून ६४ होतात. कायद्याच्या भागातले बरेच प्रश्नही खरं तर तर्काचेच असतात, कारण नियम दिलेला असतो, घटना दिलेली असते आणि नियम घटनेला लावून उत्तर काढायचं असतं. म्हणजे निम्म्याहून जास्त पेपर ज्या गोष्टीवर उभा आहे, तिला महागडी पुस्तकं लागत नाहीत, पाठांतर लागत नाही आणि घरात कुणी वकील असावा लागत नाही. लागतो तो सराव. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली इथल्या मुला-मुलींना रोज एवढ्या लांब नागपूरला क्लाससाठी जाणं परवडत नाही, मुलींच्या बाबतीत तर घरूनच नकार येतो. सामान्य ज्ञान आणि इंग्रजीत शहरातली मुलं थोडी पुढे असतात हे मान्य. तर्कात तसं काही कारण नाही.

या भागाचं कायद्याशी नातं जुनं आहे. भारताचे पहिले मुस्लिम सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले, पुढे केंब्रिजला गेले, १९३० मध्ये नागपुरात वकिली सुरू केली आणि १९३५ ते १९४३ नागपूर विद्यापीठाच्या लॉ कॉलेजात शिकवलंही. १९५४ मध्ये ते नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले. भंडारा जिल्हा तेव्हा त्याच कोर्टाखाली होता. त्यांच्या नावाचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ आज रायपूरला आहे. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून गोंदियाकडे जाणारी गाडी पुढे तिथेच जाते.

सगळ्यात मोठी चूक : जास्त माहिती असणं

तर्काच्या प्रश्नात हुशार मुलं चुकतात ती बहुतेक एकाच कारणाने. प्रश्नात दिलेलं सोडून ती स्वतःला माहीत असलेलं उत्तरात आणतात. हे विधान घ्या : “वैनगंगेला पूर आला तर पूल बंद होतो.” ऑगस्ट २०२० चा पूर ज्याने पाहिला, त्याच्या डोळ्यासमोर लगेच चित्र उभं राहतं. आता प्रश्न : “पूल बंद आहे. यावरून काय निघतं?” मुलगा म्हणतो, पूर आला. नाही. पूल दुरुस्तीसाठीही बंद असेल. “पूर आलेला नाही, मग पूल चालू आहे का?” तेही सांगता येत नाही, कारण तेच. “पूल चालू आहे” असं दिलं, तर मात्र पूर आलेला नाही हे पक्कं. जर-तरच्या विधानातून दोनच गोष्टी निघतात : पहिला भाग घडला तर दुसरा घडतो, आणि दुसरा घडला नाही तर पहिलाही घडला नाही. बाकी दोन दिशा बंद. एवढं हाडात मुरलं की पाच-सहा प्रश्न सुटलेच.

कायद्याच्या भागात हीच चूक आपल्या मुलांकडून एका खास पद्धतीने होते. समजा तत्त्व दिलंय : “दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीशिवाय शिरणं म्हणजे अतिक्रमण, हेतू काहीही असो.” घटना अशी : सलीम शेजाऱ्याच्या बागेत शिरला, कारण तिथे एक लहान मूल रडत होतं. सलीमने अतिक्रमण केलं का? आपल्या घरांत मूल लहानपणापासून ऐकतं की अमल नियतीवर तोलला जातो. म्हणून ते उत्तर देतं, नाही, त्याची नियत नेक होती. पण तत्त्वात “हेतू काहीही असो” हे शब्द आहेत, तेव्हा उत्तर ‘होय’. प्रत्यक्ष कायदा काय सांगतो, कोर्ट काय करील, अल्लाहकडे हिशेब काय होईल, यातलं काहीच इथे विचारलेलं नाही. विचारलंय एवढंच की हा नियम या घटनेला लावला तर काय निघतं. दीनबद्दलची मुलाची समज इथे चुकत नाही, प्रश्न नीट वाचायचा राहतो.

हे शब्दात सोपं आहे, परीक्षेत अवघड. विशेषतः क्लॅटमध्ये. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली तीन महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठं आणि देशातली इतर बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठं क्लॅटमधून प्रवेश देतात. ती परीक्षा फक्त इंग्रजीत असते, डिसेंबरमध्ये होते, १२० प्रश्न, दोन तास, आणि प्रत्येक चुकीला पाव गुण जातो. तिथे तर्काचे प्रश्न चारेकशे शब्दांच्या उताऱ्यांवर असतात, आणि उतारे चालू घडामोडींवरचे असतात. उद्या शायरा बानो खटल्यावर, २०१७ च्या तिहेरी तलाकच्या निकालावर उतारा आला, आणि लेखक तुम्हाला न पटणारं म्हणत असला, तर? प्रश्न विचारील : “खालीलपैकी कोणत्या गोष्टीमुळे लेखकाचं म्हणणं कमकुवत होतं?” रागावलेलं मूल स्वतःला पटणारा पर्याय निवडतं. बरोबर पर्याय तो असतो जो लेखकाच्या पुराव्यालाच धक्का देतो, मग तो तुम्हाला आवडो न आवडो. त्याच्या उलट प्रश्नही येतो : लेखकाचं म्हणणं कशाने पक्कं होईल? तेव्हा न पटणाऱ्या माणसाची बाजू दोन मिनिटं आपणच मांडायची. वकिलीत रोज हेच करावं लागतं. समोरच्या वकिलाचा युक्तिवाद त्याच्यापेक्षा चांगला सांगता आला नाही, तर त्याला खोडणार कसा?

सराव साध्या विषयावर करा. “एका शाळेने मोबाईलवर बंदी घातली. त्या वर्षी निकाल वाढला. म्हणून बंदीमुळे निकाल वाढतो.” हे कशाने कमकुवत होईल? “मुलांना बंदी आवडली नाही” याने नाही. “त्याच वर्षी शाळेत गणित-विज्ञानाचे नवे शिक्षक आले” याने होईल, कारण निकालाला दुसरं कारण मिळालं. घरी जेवताना वर्तमानपत्रातला एक अग्रलेख घ्या आणि विचारा : याचा निष्कर्ष कोणता, आधार कोणता, आणि मधलं न बोललेलं गृहीतक कोणतं? रोज एक.

मंतिक : आपल्या घरातलं जुनं शास्त्र

विधान-निष्कर्षाचे प्रश्न पाहून अनेक पालकांना वाटतं की हे काहीतरी नवीन इंग्रजी प्रकरण आहे. खरं तर दर्से-निजामी शिकलेल्या कुठल्याही आलिमला हे ओळखीचं आहे. त्या अभ्यासक्रमात ‘मंतिक’ म्हणजे तर्कशास्त्र शिकवतात; ‘मिरकात’, ‘शरह तहजीब’ ही त्यातलीच किताबं. त्यातलं नेहमीचं उदाहरण : आलम बदलणारं आहे, जे जे बदलतं ते हादिस, म्हणजे नव्याने अस्तित्वात आलेलं आहे, म्हणून आलम हादिस आहे. पहिलं विधान सुग्रा, दुसरं कुब्रा. दोन्हींत येणारा आणि निष्कर्षात गळून पडणारा शब्द, इथे ‘बदलणारं’, तो हद्द-ए-औसत. मराठी तर्कशास्त्राच्या पुस्तकात यालाच मध्यपद म्हणतात.

आता सीईटीचा प्रश्न पाहा. “सर्व वकील पदवीधर आहेत. काही पदवीधर कवी आहेत. निष्कर्ष : काही वकील कवी आहेत.” बरोबर वाटतं, पण निघत नाही. मंतिकमध्ये या पहिल्या रचनेच्या (शक्ल-ए-अव्वल) दोन अटी आहेत : सुग्रा होकारार्थी हवी आणि कुब्रा ‘सर्व’ची हवी. इथे कुब्रा ‘काही’ची आहे, म्हणून पूल मध्येच तुटला : कवी असलेले पदवीधर वेगळे आणि वकील असलेले वेगळे असू शकतात. उलट “काही दुकानदार वकील आहेत, सर्व वकील पदवीधर आहेत” यातून “काही दुकानदार पदवीधर आहेत” बिनधास्त निघतं. विधानांचा क्रम पेपरात उलटा असू शकतो. निष्कर्षाचा कर्ता ज्या विधानात आहे ते सुग्रा, एवढं धरायचं. मध्यपद वेगळ्या जागी असेल तर अटी बदलतात. त्या आठवल्या नाहीत तर वर्तुळं काढा, आणि निष्कर्ष खोटा पडेल असं एक तरी चित्र निघतं का ते शोधा. निघालं तर निष्कर्ष बाद.

मोहल्ल्यातल्या मशिदीत एखादे मौलाना मंतिक शिकलेले असतील तर इशाच्या नमाजनंतर आठवड्यातून दोनदा मुलांना घेऊन त्यांच्याकडे बसा. इंग्रजी येत नसलं तरी ते हा भाग अनेक क्लासवाल्यांपेक्षा चांगला समजावतील. कायद्याच्या प्रश्नांसाठी ‘कियास’ही विचारून घ्या. उसूल-ए-फिकहमध्ये द्राक्षाच्या दारूचा हुकूम दुसऱ्या मादक वस्तूला लावताना आधी ‘इल्लत’ शोधतात, म्हणजे हुकुमाचं खरं कारण. इथे ते नशा आहे. रंग, वास किंवा भांडं हे कारण नाही. सीईटीच्या तत्त्व-घटना प्रश्नातही नियमातला कुठला शब्द भार उचलतोय आणि कुठली माहिती नुसती सजावट आहे, हेच ओळखायचं असतं.

मराठीत अभ्यास करणाऱ्यांसाठी राज्य मंडळाच्या अकरावी-बारावी कला शाखेचं ‘तर्कशास्त्र’ हे पाठ्यपुस्तक आहे. बालभारतीच्या संकेतस्थळावर ते फुकट उतरवून घेता येतं. सगळं वाचायची गरज नाही. अनुमान, पारंपरिक तर्कशास्त्र आणि तर्कदोष हे भाग पुरे.

शब्दांचे खड्डे

‘काही’ म्हणजे किमान एक, कदाचित सगळेही. बोलताना आपण “काही मुलं पास झाली” म्हणतो तेव्हा बाकीची नापास झाली असं ऐकणारा समजतो. परीक्षेत तसं समजायचं नाही.

“सगळे आले नाहीत” हे वाक्य मराठीत दोन अर्थांनी घेता येतं : एकही आला नाही, किंवा आले पण सगळे नाही. घरी “सब नहीं आए” म्हणतानाही हाच घोटाळा. पेपरात असं वाक्य दिसलं की त्याची इंग्रजी बाजू पाहा. तिथे ‘नॉट ऑल’ आहे की ‘नन’, ते कळतं. आणि “सर्व पास झाले” याचं खंडन “किमान एक पास झाला नाही” एवढंच असतं, “एकही पास झाला नाही” हे नव्हे.

“फक्त नोंदणी केलेल्यांनाच कूपन मिळेल” याचा अर्थ नोंदणी केलेल्या प्रत्येकाला मिळेल असा नाही. लग्नाच्या दावतीत यावरून भांडणं होतात, परीक्षेत गुण जातात. “आधार कार्डाशिवाय फॉर्म भरता येत नाही” यातही आधार आवश्यक आहे, पुरेसं आहे असं कुणी म्हटलेलं नाही.

विधान उलटं करता येतं का, हेही घोटून ठेवा. “एकही अ ब नाही” उलटलं तरी खरं. “काही अ ब आहेत” उलटलं तरी खरं. “सर्व अ ब आहेत” उलटलं तर फक्त “काही ब अ आहेत” उरतं. “काही अ ब नाहीत” उलटवायचं नाही.

उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना इथे दुहेरी त्रास आहे. पेपर उर्दूत नसतो, आणि ‘गृहीतक’, ‘अनुमान’, ‘युक्तिवाद’ हे मराठी शब्द त्यांच्या कानावरून गेलेले नसतात. त्यांनी एका वहीत तीन रकाने करावेत : इंग्रजी शब्द, मराठी शब्द, आणि आपल्याला समजेल असा उर्दू शब्द. गृहीतक म्हणजे मफरूजा, निष्कर्ष म्हणजे नतीजा, युक्तिवाद म्हणजे दलील. चाळीसेक शब्दांच्या पुढे ही यादी जात नाही.

नाती, दिशा आणि दस्तरखान

नात्यांच्या प्रश्नात आपल्या मुलांकडे एक जमेची बाजू आहे. घरात चाचा, मामू, फुफा, खालू वेगळे. इंग्रजी पेपरात सगळे ‘अंकल’. म्हणून इंग्रजीत वाचलं तरी नातं घरच्या शब्दात मांडा, गोंधळ कमी होतो. “तिच्या मामूची एकुलती एक बहीण” म्हणजे तिची अम्मीच, हे झटकन कळतं. पण धोका असा की काही घरांत नात्यातच लग्नं होतात. खाला हीच सासूही असते. परीक्षेत दिलेलं नसेल ते नातं जोडायचं नाही. आणि ‘शबनम’ स्त्री आहे हे नावावरून ठरवायचं नाही. प्रश्नात तसं म्हटलंय का ते पाहायचं.

दिशांसाठी नमाजची सफ डोळ्यासमोर आणा. भंडाऱ्यात किबल्याकडे तोंड म्हणजे साधारण पश्चिमेकडे तोंड. उजवा हात उत्तरेला, डावा दक्षिणेला, पाठ पूर्वेला. सलाम फेरताना पहिल्यांदा मान वळते ती उत्तरेकडे. आता प्रश्न : अमीना पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे. ती उजवीकडे वळून ३ किमी चालली, पुन्हा उजवीकडे वळून ४ किमी. ती कुठे आहे? आधी उत्तर, मग पूर्व. सुरुवातीच्या जागेपासून ५ किमी, ईशान्येला.

बैठकीच्या कोड्यांना मुलं घाबरतात. गोल दस्तरखानावर सहाजण आत तोंड करून बसलेत : अब्बा, अम्मी, दादी, चाचा, फुफी, अमीना. अब्बा दादीच्या समोर आहेत. अम्मी अब्बांच्या लगेच उजवीकडे. फुफी दादीच्या लगेच डावीकडे. चाचा दादीच्या शेजारी नाहीत. दादी आणि चाचा यांच्यामध्ये कोण?

पक्क्या माहितीपासून सुरुवात करा. अब्बा आणि दादी समोरासमोर मांडा. आत तोंड करून बसलेल्याचा उजवा हात घड्याळाच्या उलट दिशेला जातो. वरून काढलेल्या चित्रात इथेच सगळे फसतात, म्हणून एकदा खरंच जमिनीवर बसून पाहा. अम्मी बसली. फुफी अम्मी आणि दादीच्या मध्ये आली. उरल्या दोन जागा, दोन्ही अब्बा आणि दादीच्या मधल्या दुसऱ्या बाजूला. चाचा दादीला लागून नाहीत, म्हणजे ते अब्बांच्या डावीकडे. राहिलेल्या जागेवर अमीना, आणि तेच उत्तर. ‘नाही’वाली सूचना शेवटी वापरली, पण निकाल तिनेच लावला. बहुतेक कोडी अशीच सुटतात.

सांकेतिक भाषा, अक्षरमालिका, कॅलेंडर हा भाग यांत्रिक आहे. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक पाठ हवेत. ई ५, जे १०, ओ १५, टी २०, वाय २५ एवढे खांब रोवले की मधली अक्षरं मोजता येतात. उलट क्रमांक हवा असेल तर २७ मधून वजा करा. यावर आठवड्यात एक दिवस पुरे.

रोजचा हिशेब

१२० प्रश्न, १२० मिनिटं. पण सराव पहिल्या दिवसापासून घड्याळ लावून करू नका. पहिला महिना वेळ न पाहता सोडवा आणि प्रत्येक उत्तरामागचं कारण एका ओळीत लिहा. नंतर वीस प्रश्न पंचवीस मिनिटांत, मग वीसात. फजरनंतरचा पाऊण तास याला सगळ्यात चांगला. घरात आवाज नसतो, मोबाईलवर मेसेज येत नाहीत.

चुकांची वही ठेवा. नुसता प्रश्न उतरवू नका, चूक कुठली झाली ते लिहा : बाहेरची माहिती आणली, ‘काही’चा अर्थ चुकला, विधान उलटं वाचलं, उजवं-डावं उलटलं. पंधरा दिवसांनी वही उघडली की दिसेल, चुका दहा प्रकारच्या नसतात. दोन-तीनच असतात आणि त्याच पुन्हा पुन्हा होतात. सरावासाठी क्लॅटच्या मागच्या प्रश्नपत्रिका तिच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतात. सीईटी देणाऱ्यांनाही त्यातले उतारे उपयोगी पडतात.

या वर्षांत रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतोय, म्हणजे नेमका बारावीच्या बोर्डाच्या दिवसांत, आणि सीईटी त्यानंतर काही आठवड्यांतच. तरावीहनंतर कोडी सोडवायला बसलं तर डोकं चालत नाही. म्हणून बैठक, नाती, विधान-निष्कर्ष हे सगळं डिसेंबरपर्यंत उरकून घ्यावं. रमजानमध्ये सहरीनंतर दहा प्रश्न, नवीन काही नाही, फक्त चुकांची वही. ईदनंतर पूर्ण पेपर, दोन तास सलग, शक्यतो परीक्षेच्या वेळेलाच, आणि एक तरी पेपर कॉम्प्युटरच्या पडद्यावर. कागदावर वर्तुळं काढत पडद्यावर वाचणं ही सवय वेगळी आहे. सायबर कॅफेत तासाभराचे पैसे गेले तरी चालतील.

सीईटीत शेवटची पाच मिनिटं उरली की जे प्रश्न सुटले नाहीत त्या प्रत्येकाला एक पर्याय लावून टाका, कोरा सोडू नका. क्लॅटमध्ये तसं करायचं नाही. तिथे चारपैकी किमान दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील तरच खूण करायची.